रहीमभाई आणि उलटा भोंगा

माईक लावून झाला की जो तो "हॅलो, हॅलो" करतो. रहीमभाईंनी ते कधी केलं नाही. ते माईकसमोर उभे राहायचे, सदऱ्याची कॉलर नीट करायचे, गर्दीच्या पार शेवटच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "त्या वडाखालचं पावणं! आवो तुमीच, घोंगडीवालं. माझं बोलणं ऐकू येतंय का? येत आसंल तर टोपी हालवा." तो म्हातारा दचकायचा. इतक्या लांबून आपल्याशी कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे बघायचा आणि मग लाजत-हसत टोपी काढून हलवायचा. सगळी सभा मान वळवून त्याच्याकडे बघायची. "झालं! मागच्याला पोचलं, म्हंजी फुडच्याची काळजी न्हाई," असं म्हणत रहीमभाई खाली उतरायचे. सभेला कोणी पुढारी येवो नाहीतर मंत्री, सुरुवात त्या टोपीनेच व्हायची.

मी सांगतेय ते पन्नास आणि साठ सालांच्या मधल्या काळातलं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बहुतेक खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. लग्न असो, कुस्त्या असोत की सभा, आवाज लांबवर न्यायचा तर जुन्नरहून रहीमभाई कागदींना बोलवायचं. बैलगाडीत खाली कडब्याच्या पेंढ्या अंथरून त्यावर त्यांचं मशीन, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, बाळंतिणीला आणावं तसं जपून आणलेलं असायचं. सोबत भोंगे, माईकचा दांडा, तारांची भेंडोळी आणि मोटारीची एक जड बॅटरी. त्या बॅटरीतल्या ॲसिडचे शिंतोडे उडून त्यांच्या झाडून सगळ्या पांढऱ्या सदऱ्यांना बारीक भोकं पडलेली असत. त्यांची बायको हमीदाबी ती भोकं इतकी सुरेख रफू करायची, की लांबून सदरा कोरा वाटायचा. रहीमभाईंना कपड्यांची मोठी हौस. कानात अत्तराचा फाया, डोक्यावर काळी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. "मशीनवाला मळका दिसला की लोकांना मशीनबी मळकं वाटतं," हे त्यांचं म्हणणं.

त्यांचं घराणं जुन्नरच्या कागद्यांचं. पूर्वी त्यांच्या मोहल्ल्यात घरोघरी हाताने कागद बनायचा. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा बसला. वडिलांनी हौदातला लगदा ढवळणं थांबवलं तेव्हा रहीमभाई तरुण होते. ते तंबूतला सिनेमा घेऊन फिरणाऱ्या एका कंपनीबरोबर निघून गेले, तिथल्या मशीनवाल्याच्या हाताखाली शिकले आणि काही वर्षांनी परतले ते एक जुनं मशीन पाठीवर घेऊनच. नम्रपणा त्यांच्या अंगी औषधालाही नव्हता. "या दोन तालुक्यांत आवाज म्हंजी रहीम कागदी," असं ते स्वतःच सांगत. माईकवर टिचकी मारून बघणाऱ्याला, तो कितीही मोठा असला तरी, ते विचारत, "साहेब, तुमच्या कानावर कुनी टिचकी मारली तर?"

मी त्या वेळी महाळुंगे पडवळच्या शाळेत शिक्षिका होते. लग्नानंतर वर्ष सरायच्या आत माझे पती वारले होते. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांनी मला माहेरी धाडलं नाही; पुन्हा शाळेत घातलं, फायनलच्या परीक्षेला बसवलं आणि नोकरीला लावलं. भावकी बोलायची ते बोलली. मामंजी शेतात राबणारे, मोजकं बोलणारे. ते ऐकून घेत आणि बैलांच्या मागे निघून जात.

गाणं मला लहानपणापासून यायचं. पुढे दोन्ही तालुक्यांसाठी मिळून एक सरकारी कलापथक निघालं. साक्षरता, गावविहिरी, देवीची लस असले विषय गाण्यांतून आणि छोट्या नाटुकल्यांतून लोकांपुढे मांडायचे. पथकाचे प्रमुख होते वामनराव, जुन्नरचे एक शिक्षक. त्यांना गाणारी बाई हवी होती आणि मिळत नव्हती. त्यांनी मला विचारलं. विधवा सून चारचौघांत उभी राहून गाणार म्हटल्यावर भावकीने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी मात्र मामंजी म्हणाले, "आवाज देवानं दिलाय. झाकून ठेवायला ते काय दूध हाय?" आणि मी जुन्नरला तालमीला गेले.

रहीमभाई मला प्रथम भेटले ते तिथे. मी आयुष्यात कधी माईक जवळून पाहिला नव्हता. समोर ती लोखंडी जाळी बघितली आणि मी जिवाच्या आकांताने पहिली ओळ म्हटली. खट् करून मशीन बंद झालं.

"बाई," रहीमभाई अगदी गंभीरपणे म्हणाले, "कुनाशी भांडन हाय का तुमचं?"

"नाही."

"मग वरडता कशाला? लांब न्यायचं काम माझं. तुमी फकस्त खरं गा. घरी चुलीपुढं गाता तसं."

मग त्यांनी मला माईकपासून वीतभर अंतरावर उभं केलं, श्वास घेताना तोंड जरा बाजूला कसं करायचं ते दाखवलं, आणि भोंगे नेहमी गाणाऱ्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून का लावायचे तेही समजावलं. "भोंग्याचा आवाज परत माईकात शिरला की माईक रडाया लागतो. ती शिट्टी ऐकलीय न्हवं? तेच रडणं त्याचं." त्या दिवसापासून मी त्यांना रहीमभाई म्हणू लागले आणि ते मला बाई.

पहिल्या वर्षी सगळं छान चाललं. लोक थोडे असायचे, भोंगा एकच आणि तोही जवळ. पण पथकाचं नाव झालं, गर्दी वाढली. रहीमभाईंनी हौसेने दोन मोठे भोंगे आणले आणि ते मंडपाच्या पार पुढे, उंच बांबूंवर चढवले. ढोलकी आणि पेटी यांच्यासाठी दुसरा माईक आला. मागच्यांना आता शब्दन् शब्द कळू लागला. आणि नेमकं तेव्हापासून माझं बिघडलं.

मला माझा आवाजच ऐकू येईना. कानाशी ढोलकी दणदणायची आणि माझा आवाज माझ्या ओठांवरून उचलून कोणीतरी दूर घेऊन जायचं. सूर लागलाय की नाही हे कळायला मार्ग नसायचा. म्हणून मी जोर लावायची, आणि जोर लावला की सूर आणखी चढायचा. कार्यक्रमानंतर दोन-दोन दिवस घसा बसलेला असायचा. वर्गात फळ्यावर लिहूनच शिकवायची.

आमच्याच गावात, महाळुंगे पडवळला, कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी पुरती शोभा झाली. शाळेसमोर सगळं गाव बसलेलं, पुढच्या रांगेत मामंजी, त्यांच्या मागे भावकी. मी विहिरीचं गाणं सुरू केलं. माझा आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत यायचा तोवर मी पुढच्या शब्दावर गेलेली असायची. मला ढोलकी धरावी की ते मागून येणारं धरावं, कळेना. दुसऱ्या कडव्यात ताल सुटला. सावरायला गेले तर सूरही गेला. माझ्याच वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. कसंबसं गाणं संपवलं. खाली उतरले तेव्हा एक चुलत सासूबाई मामंजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "झालं ना समाधान? सून नाचवली गावापुढं." मामंजी उठून घराकडे चालू लागले. घरी आल्यावर त्यांनी मला पाणी दिलं. स्वतःच्या हाताने. त्याचंच मला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मागच्या अंगणात बाजरी पाखडत बसले होते आणि तेच गाणं हलक्या आवाजात म्हणून बघत होते, कुठे चुकलं ते शोधायला. कडवं संपलं आणि मागून वहाणा करकरल्या. दारात मामंजी आणि त्यांच्याशेजारी रहीमभाई. ते आमच्याकडे राहिलेले बांबूंचे दोर न्यायला आले होते.

"परत म्हना," रहीमभाई म्हणाले.

मी म्हटलं. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग मामंजींकडे वळून म्हणाले, "पाटील, हे तर सुरात हाय."

"घरात नेहमीच सुरात असतंय," मामंजी म्हणाले. "तिकडं उभी राहिली की काय व्हतं, देव जाणे."

रहीमभाईंनी चहा नको म्हटलं. दोर तिथेच टाकून ते शाळेकडे गेले. गाडीत बांधलेलं मशीन त्यांनी पुन्हा उतरवलं, भोंगे पुन्हा बांबूंवर चढवले, आमच्या ढोलकीवाल्या तुकारामाला घरून बोलावून आणलं आणि मी जिथे उभी राहिले होते तिथे स्वतः उभे राहून त्यांनी एक कव्वाली सुरू केली. रहीमभाईंचा गाता गळा कसा होता हे सांगायला नको. बायका पाणी भरायची सोडून बघत राहिल्या. कुत्री भुंकली. पण ते थांबले नाहीत. संपूर्ण कव्वाली म्हणून झाल्यावर घाम पुसत माझ्यासमोर आले. चेहरा पार उतरलेला.

"बाई, मला माझाच आवाज ऐकू आला न्हाई. आला तवा उशिरानं आला. जेवणावळी उठल्यावर पावणा यावा तसा. मी नुसतं बोलून बघतो, म्हनून मला आजवर कळलं न्हाई. तुमी काल आंधळ्यावानी गात व्हता, बाई. आन् डोळं मी बांधलं व्हतं तुमचं."

पथकात तोवर निर्णय झाल्यासारखाच होता. वामनराव माणूस भला, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. पुढच्या कार्यक्रमापासून मी फक्त नाटुकल्यात काम करायचं आणि गाण्यासाठी दुसऱ्या कोणाला बघायचं, असं त्यांनी मला हळुवारपणे सांगितलं. रहीमभाईंना हे कळलं तसे ते तालमीच्या खोलीत येऊन उभे राहिले. "बाईंचा सूर गेला न्हाई. माझ्या भोंग्यांनी न्हेलाय. चोरी माझ्या मशीनची आन् सजा बाईंला?"

वामनराव म्हणाले, "रहीमभाई, असं बाहेर कुठे बोलू नका. मशीन खराब आहे असा गवगवा झाला तर तुमचंच काम जाईल."

"जाऊ द्या. येक डाव गाऊ द्या त्यांना. मी कायतरी करतो."

ते 'कायतरी' म्हणजे उलटा भोंगा. लोकांना ऐकू यावं म्हणून भोंगे लोकांकडे तोंड करून असतात. मग गाणाऱ्याला ऐकू यावं म्हणून एक गाणाऱ्याकडे तोंड करून का नको? विचार सरळ होता. पिंपरी पेंढारच्या कार्यक्रमात त्यांनी आपला जुना भोंगा मंचाच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून बांधला. पहिल्या दोन ओळी मी माझा आवाज लख्ख ऐकला. आणि तिसऱ्या ओळीला भोंग्यातून अशी काही शिट्टी सुटली, की गाड्यांना बांधलेले बैल दाव्यासकट उठले. लोकांनी कानांवर हात ठेवले, मग हसण्याची लाट उठली. रहीमभाईंनी आवाज कमी केला, शिट्टी थांबली. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बाईला घरी बसवा आन् शिट्टीलाच गाऊ द्या!"

मी मागे सरले. पायऱ्या उतरायला वळले. तेवढ्यात रहीमभाई मशीन सोडून मंचावर आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. कॉलर नीट केली नाही, कोणाला टोपी हलवायला सांगितली नाही.

"मंडळी," ते माईकवर म्हणाले, "ही शिट्टी बाईंची न्हाई, माझी हाय. आन् इतके दिस बाईंचा सूर चुकत व्हता, त्योबी माझ्यामुळं. माझ्या मशीननं मागच्याला ऐकवलं, गाणारीला बहिरं केलं. मी रहीम कागदी, जुन्नरचा. ज्याला हसायचंय त्यानं माझ्याकडं बघून हसा." आणि मग मशीन जिथे होतं तिकडे जाऊन त्यांनी ते बंद करून टाकलं. तिथूनच, माईकशिवाय, ते मोठ्यांदा म्हणाले, "मागच्यांनी फुडं सरका. बाई बिगर मशीनचं गातील."

आणि लोक सरकले. हे मी आजही सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. मागची माणसं उठली, लहानग्यांना कडेवर घेतलं, घोंगड्या गोळा केल्या आणि दाटीवाटीने पुढे येऊन बसली. मी मंचाच्या कडेवर आले. तुकाराम बोटांनीच ढोलकी वाजवू लागला. मी गायले. किती चांगलं गायले ते मला सांगता येणार नाही, पण सूर माझा होता आणि तो कुठे आहे हे मला कळत होतं. गाणं संपल्यावर शिट्टीलाच गाऊ द्या म्हणणारा तोच आवाज ओरडला, "बाई, आनिक येक!" खाली पाहिलं तर रहीमभाई बंद मशीनवर हात ठेवून बसले होते.

माझं गाणं वाचलं. पण भरल्या सभेत स्वतःच्या तोंडाने दिलेली ती कबुली रहीमभाईंना महागात पडली. 'रहीमभाईचं मशीन शिट्ट्या मारतंय' ही बातमी बाजारच्या दिवशी दोन्ही तालुक्यांत फिरली. त्या लग्नसराईत कितीतरी वऱ्हाडांनी दुसऱ्या मशीनवाल्याला सांगितलं. मी एकदा चौकशीला त्यांच्या घरी गेले तेव्हा हमीदाबी चिडलेल्या होत्या. "आवो बाई, खोटं बोलू नये हे कळतं मला. पन सगळ्या गावाला बोलवून खरं सांगायचं, ही कुठली तऱ्हा?" रहीमभाई आत कसल्याशा तारा सोलत होते. तिथूनच म्हणाले, "लोकांला बोलवूनच तर बाईंचं हसं केलं व्हतं. मग खरं काय येकट्याला सांगू?" हमीदाबींनी कपाळावर हात मारला आणि माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

तारा कशासाठी सोलल्या जात होत्या ते त्यांनी मला त्या दिवशी दाखवलं. मोठा भोंगा जवळ नको, हे त्यांना कळलं होतं. एका मोडक्या रेडिओतला छोटा स्पीकर त्यांनी काढला होता. पण मशीनच्या मागे जिथे भोंग्यांच्या तारा जोडतात तिथेच तो सरळ जोडला, आणि पहिल्याच हाकेला त्याचा कागदी पडदा फाटला. "हत्तीचा घास मुंगीच्या तोंडात दिला मी," ते म्हणाले. म्हणून आता मध्ये एक फिरवायची कळ बसवत होते. भोंग्यांना पूर्ण ताकद जाऊ द्यायची आणि या छोट्याला कळीने मोजून मापून द्यायची. राहिला फाटलेला पडदा. तसला कागद कुठे मिळेना. तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेवरून त्यांचे थकलेले वडील म्हणाले, "माझ्या पेटीत बघ." पेटीत त्यांनी स्वतः कधीकाळी बनवलेले थोडे ताव उरले होते. पोराने घराण्याचा धंदा सोडला म्हणून ते म्हातारबाबा कित्येक वर्षं रहीमभाईंशी कामापुरतंच बोलत. तो ताव त्यांनी स्वतः कातरला, खळ लावून त्याला उलट्या फुलासारखा आकार दिला आणि सुकेपर्यंत खाटेवर उशाशी ठेवला. हमीदाबी मला हळूच म्हणाल्या, "बापलेक येका जागी बसून काम करतायत. मी येवढं पयल्यांदा बघतेय."

त्यांनी आणखीही एक गोष्ट बनवली. पत्र्याचा एक डबा. दोन्ही माईकच्या तारा त्या डब्यात यायच्या, प्रत्येकाची कळ वेगळी, आणि मग एकत्र होऊन मशीनमध्ये जायच्या. ढोलकीने उसळी खाल्ली की तिची कळ मागे, माझा आवाज दबला की माझी कळ पुढे. "सयपाकात मीठ येगळं, तिखट येगळं टाकतो न्हवं आपण? सगळं येकदम वतलं तर कालवण बिघडतं." आज मोठमोठ्या सभागृहांत कळांनी भरलेली टेबलं दिसतात. मला प्रत्येक वेळी तो पत्र्याचा डबा आठवतो.

हे सगळं घेऊन आम्ही गेलो घाटघरला. नाणेघाटाच्या अलीकडचं हे डोंगरातलं गाव. वामनरावांना धास्ती होती. चहूकडे कडे, तिथे साध्या हाकेलाही डोंगर उत्तर देतो. पथकाला जीपगाडी मिळाली होती, ती वाट संपेपर्यंत आली. पुढे बॅटरी दांड्याला बांधून गावकऱ्यांनी खांद्यांवर घेतली. भोंगे, बांबू, पेटी, ढोलकी, सगळं माणसांनी वाहिलं. लाकडी खोक्यात बसवलेला तो छोटा स्पीकर मात्र रहीमभाईंनी कोणाच्या हाती दिला नाही. छातीशी धरून, घसरड्या वाटेने, नव्या वहाणा हातात घेऊन ते चालले होते.

दुपार कलताना कार्यक्रम सुरू व्हायचा होता. त्यांनी भोंगे लोकांच्या डोक्यांवरून दरीच्या बाजूला वळवले. ते खोकं माझ्या पायांपुढे, माईकच्या मागच्या बाजूला ठेवलं आणि त्याखाली दगड सारून त्याचं तोंड माझ्याकडे वर केलं. "या माईकला पाठीमागचं कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "त्याच्या पाठीआड आपण दोघं बोलू." मग मला म्हणू लागले, "गा. थांबा. गा. आता कसं?" आणि कळ केसभर फिरवत राहिले. एकदा बारीक चीं झालं तसं त्यांनी खोकं बोटभर सरकवलं. लोक येऊन बसले होते, पोरंबाळं घेऊन, लांबलांबच्या वाड्यांवरून. वामनराव घड्याळाकडे बघत होते. रहीमभाईंना घाई नव्हती.

मी गायला लागले. पायांपाशी माझा आवाज होता. मोठा नव्हता. शेजारी बसून कोणी मला माझंच गाणं हळूच सांगत असावं, एवढाच. समोर कड्यांवर तोच आवाज आपटत होता, परत येत होता, पण आता त्याचं मला काही वाटत नव्हतं. माझी वाट माझ्या पायाशी होती. मला ओरडावं लागलं नाही. हळू म्हणायच्या जागा मी पहिल्यांदाच एवढ्या माणसांसमोर हळू म्हटल्या, आणि त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या. कारण पार मागे एक म्हातारी पदराने डोळे पुसताना मला दिसली. गाणं विहिरीचं होतं, रडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी रहीमभाईंपाशी गेले. मला त्यांना काय काय सांगायचं होतं. ते तारा गुंडाळत होते. मी तारेचं दुसरं टोक धरलं. ते म्हणाले, "बाई, लोकांला ऐकू येतंय का हे समदेच बघत्यात. बोलणाऱ्याला सोताचं ऐकू येतंय का, हे कुनी बघत न्हाई. मीबी बघितलं नव्हतं. आता बघत जाईन." आणि लगेच मान वर करून, नेहमीच्या तोऱ्यात, "काय वामनराव? दोन तालुक्यांत आवाज म्हंजी कोण?"

त्यानंतर पथक चाललं तितकी वर्षं मी गायले. रहीमभाईंची गेलेली कामं हळूहळू परत आली. गाणारी-बोलणारी माणसं स्वतःच म्हणू लागली, रहीमभाईला बोलवा, तो ते खोकं लावतो. मामंजी माझ्या कार्यक्रमांना येत आणि पुढच्या रांगेत न बसता मुद्दाम भावकीच्या मधोमध बसत. पुढे मी मुख्याध्यापिका झाले. वर्गात एखादं मूल धडा वाचताना ओरडू लागलं किंवा अडखळू लागलं, की मी त्याला गप्प करत नसे. त्याला जवळ घ्यायची, बाकीच्यांना शांत बसवायची आणि म्हणायची, "आता तुझ्यापुरतं वाच." पुष्कळ मुलं त्याने वाचायला लागली. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

पथक बंद पडलं, माझी बदली मंचरला झाली आणि भेटी कमी झाल्या. एकदा बाजारात कोणी सांगितलं, रहीमभाई अंथरुणाला खिळलेत, छातीचं दुखणं आहे. मी त्याच आठवड्यात एस.टी.ने जुन्नरला गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. महिना उलटायच्या आत ते गेले. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हमीदाबींनी त्यांच्या कानात अत्तराचा फाया ठेवला होता. मशीन आता पुतण्या चालवतो, असं सांगून ते म्हणाले, "माईकवर टिचकी मारून बघतो, बेवकूफ."

मग म्हणाले, "बाई, येक सांगू? इतकी वर्सं तुमचं गाणं सुरू झालं की माझं ध्यान बॅटरीकडं, तारेकडं, कळीकडं. शिट्टी तर येत न्हाई? वारा तर सुटला न्हाई? गाणं असं ऐकायचं राहूनच गेलं बघा. म्हना की येखादं."

मी उठून उभी राहिले. सवयच तशी होती. पदर सारखा केला, समोर बघितलं आणि पहिली ओळ घेतली. रहीमभाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला.

"हळू, बाई," ते म्हणाले. "हितं माणूस येकच हाय."

दारात उभ्या हमीदाबी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. मग खाटेला लागून खाली बसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.